नगरसेवकाला आमदार न होता थेट खासदार होता येतं का?

हो येतं, मधे आमदार व्हायची कायद्याने काहीच अट नाहीये. राज्यघटनेच्या कलम ८४ मधे बघा, मुख्य अट एवढीच की माणूस भारताचा नागरिक हवा आणि लोकसभेसाठी वय किमान २५, राज्यसभेसाठी ३०, आधी कुठलं पद भूषवलंय का हे कोणी विचारत नाही. सुमित्रा महाजनांचंच बघा, १९८२ मधे इंदूरला नगरसेविका, मग उपमहापौर, आणि १९८९ ला डायरेक्ट लोकसभा, तिथून सलग ८ वेळा निवडून आल्या आणि २०१४ ला लोकसभा अध्यक्ष झाल्या, आमदार कधीच नव्हत्या. पुण्याचे मुरलीधर मोहोळ पण नगरसेवक, महापौर आणि २०२४ ला खासदार, लगेच केंद्रात राज्यमंत्री. खरी अडचण तिकिटाची असते, कारण वॉर्डात ड्रेनेज तुंबलं की कोणाला फोन लावायचा हे घराघरात माहीत असतं, पण महाराष्ट्रात लोकसभेच्या एका मतदारसंघात विधानसभेचे ६ मतदारसंघ येतात, तिथे ती ओळख पुरत नाही, पक्षाची यंत्रणा लागतेच (आणि माझ्या मते नगरसेवकांना पक्ष फारच कमी वेळा ही संधी देतात, हे चुकीचं आहे). फक्त एक लक्षात ठेवा, आमदार असताना खासदार झालात तर १४ दिवसांत आमदारकी सोडावी लागते, नाहीतर खासदारकीच जाते. नगरसेवकाला हा नियम लागू नाही, तिथे त्या त्या राज्याचा महापालिका कायदा बघावा लागतो.