रोज झालंच पाहिजे का?

प्रश्न : वय ४२. चाळीत मजल्याला चार संडास. सकाळी पाणी भरणं, डबे, मुलांची शाळा. माझा नंबर साडेनऊला, तोवर कळ गेलेली असते. सासूबाई म्हणतात, रोज पोट साफ झालंच पाहिजे. म्हणून तीन वर्षं रात्री सोनामुखीचं चूर्ण घेते. एका चमच्याचे दोन झालेत. सवय लागली का?

उत्तर : दिवसातून तीनदा ते आठवड्यातून तीनदा, काहीही चालतं. उलट रोज होऊनही कुंथावं लागत असेल, खडा होत असेल, तर तो बद्धकोष्ठच. आपल्याकडे बहुतेकांना रोज होतं, त्यामुळे नुसते दिवस मोजून भागत नाही.

सोनामुखी सहा ते बारा तासांत आतडं रिकामं करते. ते पुन्हा भरायला एक-दोन दिवस लागतात. तेवढ्यात ‘आज झालं नाही’ म्हणून आणखी चमचा! सवयीपेक्षा हा फेराच मोठा. चूर्ण दर आठवड्याला अर्धा चमचा कमी करा. सोबत रात्री इसबगोल : एक लहान चमचा पूर्ण ग्लासभर पाण्यात ढवळून लगेच प्यायचा, आठवड्याने दोन. कमी पाण्यात घेतला तर घशात अडकू शकतो. गुण यायला दोन-तीन दिवस लागतात. सुरुवातीला वायू धरतो.

पण खरी मेख सकाळच्या रांगेत आहे. उठल्यावर आणि पोटात काही गेल्यावर मोठं आतडं जोरानं हलतं, तेव्हाची कळ सगळ्यात कामाची. ती दाबली की मळ आत थांबतो, आतडं त्यातलं पाणी शोषतं, खडा बनतो. वर्षानुवर्षं दाबली तर कळ जाणवेनाशी होते. तेव्हा उठल्यावर चहा-पोळी खा आणि अर्ध्या तासात संडास गाठा. तेवढा वेळ डबे दुसऱ्या कुणीतरी भरावेत. हे औषधाइतकंच ठामपणे घरात सांगा. दहा मिनिटांत झालं नाही तर उठा. उकिडवं बसण्यानं गुदमार्ग सरळ होतो, म्हणजे चाळीतला संडास तेवढ्यापुरता बरा! (कमोडवाल्यांनी पायाखाली वीतभर उंच पाट घ्यावा.)

उपास करत असाल तर साबुदाण्यात चोथा जवळजवळ नसतो. राजगिरा, रताळं, पेरू खा.

थायरॉईडची तपासणी एकदा करून घ्या. लोहाच्या गोळ्या चालू असतील तर डॉक्टरांना सांगा. शौचातून रक्त, विनाकारण घटणारं वजन किंवा पंडुरोग (अंगात रक्त कमी असणं) असेल तर मात्र चूर्ण-इसबगोल करत बसू नका, लगेच दाखवा.