स्विफ्ट खाली करू का?

प्रश्न: जळगाव-भुसावळ रोज अप-डाऊन आहे, स्विफ्टला लोअरिंग स्प्रिंग (गाडीची उंची कमी करणाऱ्या स्प्रिंग) टाकायच्यात पण मागे आई बसते, तिला दणके बसायला नको. काय करू?

उत्तर: भाऊ, आईचं नाव काढलं ना, मग स्प्रिंग राहू द्या. स्विफ्टचा ग्राउंड क्लिअरन्सच (जमिनीपासून गाडीच्या तळाचं अंतर) १६३ मिमी, त्यात चार माणसं बसली की गाडी अजून दबते, आणि खाली केली की शॉकला (दणके झेलणारा शॉक अब्सॉर्बर) हलायला जागा कमी पडते, मग खड्ड्यात तो बंप स्टॉपवर (शेवटी अडवणारा रबरी तुकडा) आपटतो, तोच दणका थेट कमरेत. आधी जुने शॉक बघा, तेल गळून शॉकच्या बॉडीवर धूळ चिकटलेली असेल तर चांगल्या कंपनीचे स्टॉकसारखे (गाडीसोबत येतात तसे) शॉक जोडीनेच बदला, सोबत माउंट (शॉक गाडीला जोडणारा भाग) आणि बंप स्टॉपही नवे. खाली करायचीच असेल तर २० मिमीच्या पुढे जाऊ नका, त्या स्प्रिंगला जुळणारेच शॉक घ्या, आणि काम झालं की चाकांची अलाइनमेंट (चाकांचे कोन नीट बसवणं) कराच, नाहीतर टायर एका बाजूने खाल्ले जातील.