दुपारचा तास: मालिकांवर वाचकांचे प्रश्न, ताईंची उत्तरं

मागच्या अंकात दुपारच्या मालिकांवर दोन ओळी लिहिल्या आणि म्हटलं काही विचारायचं असेल तर कळवा, तर चोपड्यापासून नवापूरपर्यंत पत्रं आली, व्हॉट्सअॅप आले, एका मावशींनी तर वहीची चार पानं लिहून पाठवलीत. सगळं छापणं शक्य नाही, पण ज्यात खरंच बोलण्यासारखं आहे ते घेतलंय.

"ताई, दूरदर्शनवर दुपारी 'शांती' लागायची. शाळा सकाळची असल्याने मी घरी येऊन रोज बघायचे. आता सून म्हणते दुपारच्या सिरीयल म्हणजे नुसती रडारड, रिकामटेकड्या बायकांसाठी. तिला काय सांगू?"
निवृत्त शिक्षिका, चोपडा

मावशी, सुनेला सांगा की 'शांती'ची गोष्ट काय होती ते आधी ऐक. 1994 ची मालिका, रोज लागणारी, आपल्या देशातली पहिली डेली सोप म्हणून तिचंच नाव घेतात. त्याच्या आधी मालिका म्हटली की आठवडाभर वाट बघायची अशीच सवय होती सगळ्यांना. मंदिरा बेदी त्यात पत्रकार होती, सिनेमावाल्या दोन बड्या लोकांचं चरित्र लिहायचं म्हणून ती त्यांच्या बंगल्यात येऊन राहते, आणि खरं कारण हे की तिच्या आईवर बलात्कार झालेला असतो आणि या दोघांपैकी कोणी तो केला हे तिला शोधायचं असतं. त्यातला एक, कामेश महादेवन, आपल्या यतीन कार्येकरने केला होता, आठवत असेल तुम्हाला.

आता बघा, आईवर झालेल्या अन्यायाचा जाब मुलगी मागते, ती नोकरी करते, एकटी राहते, डोळ्याला डोळा देऊन बोलते, आणि हे सगळं भर दुपारी, घरातले पुरुष कामावर आणि पोरं शाळेत असताना, बायका जेवणाची भांडी आवरून बसल्यावर. रात्री सगळं घर टीव्हीसमोर असताना हा विषय इतके दिवस चालला असता का? मला नाही वाटत. दुपारच्या वेळेला जाहिरातीचा भाव कमी, त्यामुळे तिकडे कोणाचं फार लक्ष नसायचं, आणि लक्ष नसायचं म्हणूनच तिथे बाईच्या मनातलं बोलता आलं असं माझं पक्कं मत आहे. पुढच्याच वर्षी, 1995 ला, 'स्वाभिमान' आली, महेश भट्ट आणि लिखाणात शोभा डे, आणि त्यातली किटू गिडवानीची स्वेतलाना तर लग्नाची बायको पण नव्हती, तरी लोक तिच्या बाजूने होते. आपल्या मराठीतली सह्याद्रीवरची 'दामिनी' पण पत्रकारच, प्रतीक्षा लोणकर. सलग तीन मालिका सांगितल्या, त्यात रडूबाई एक पण नाही.

आणि रिकामटेकडं कोण हो? आमच्याकडे चैत्र-वैशाखात पापड, बिबडे, कुरडया चालू असायच्या आणि टीव्ही बघता बघता लाट्या होत होत्या, हात एक मिनिट थांबत नव्हते. त्या तासाला हे नाव ठेवणं मला अजिबात पटत नाही.

"मी कॉलेजात मास मीडिया शिकते. सोप ऑपेरा म्हणजे साबण कंपन्यांनी काढलेला प्रकार असं पुस्तकात आहे. मग त्यात बायकांचं काय होतं, फक्त बघणं? आणि आपल्याकडे हे कसं आलं?"
विद्यार्थिनी, अमळनेर

बेटा, पैसा साबणवाल्यांचा होता हे खरंच. अमेरिकेत रेडिओच्या काळात प्रॉक्टर अँड गॅम्बलसारख्या कंपन्या दुपारच्या मालिकांचा खर्च करायच्या, कारण साबण विकत घेणारी बाई त्या वेळी घरात असायची. पण लिहिलं कोणी? शिकागोच्या इर्ना फिलिप्सने. आधी शिक्षिका होती ती. 1930 ला तिने रेडिओवर 'पेंटेड ड्रीम्स' सुरू केली आणि 1937 ला 'गायडिंग लाइट'. ती स्वतः टाईप करत नसे, सगळ्या पात्रांचे संवाद बोलून दाखवायची आणि सेक्रेटरी लिहून घ्यायची, एका वेळी अनेक मालिका अशा चालवल्या तिने. 'गायडिंग लाइट' 1952 ला टीव्हीवर आली तरी रेडिओवर 1956 पर्यंत चालूच होती, म्हणजे कलाकार तेच संवाद एकदा टीव्हीसाठी आणि एकदा रेडिओसाठी म्हणायचे. आणि टीव्हीवरचं तर लाईव्ह, पंधरा मिनिटांचा भाग, चुकलं तर चुकलं, रिटेक नाही! ही मालिका बंद झाली 18 सप्टेंबर 2009 ला. रेडिओ धरून 72 वर्षं. आजीने सुरू केलेली गोष्ट नात बघतेय असं खरोखर झालंय तिथे.

इर्नाच्या हाताखाली तयार झाली अॅग्नेस निक्सन, आणि तिचं एक काम मी प्रत्येक बाईला सांगते. तिची एक मैत्रीण गर्भाशयाच्या मुखाच्या कॅन्सरने गेली. तेव्हा निक्सनने ठरवलं की 'गायडिंग लाइट'मधल्या बर्ट बाऊर नावाच्या, लोकांच्या लाडक्या पात्राला हाच आजार दाखवायचा, ती पॅप स्मिअर तपासणी करते, आजार वेळेत सापडतो आणि ती वाचते. साल 1962. प्रायोजक आणि चॅनेल आधी तयारच होईनात. शेवटी हो म्हणाले पण अट घातली की कॅन्सर हा शब्द नको, गर्भाशय हा शब्द नको, गर्भाशय काढायच्या ऑपरेशनचं नाव पण नको. तरी तिने ते लिहिलं, शब्द न वापरता लिहिलं आणि बायकांना कळलं. पुढे याच बाईने 'वन लाइफ टू लिव्ह' (1968) आणि 'ऑल माय चिल्ड्रन' (1970) काढल्या. आपल्याकडे आजही कितीतरी बायका ही तपासणी लाजेने करत नाहीत, आणि तिथे हे काम एका दुपारच्या सिरीयलने केलं.

आता तुझा दुसरा प्रश्न. आपल्याकडे ही कल्पना आली ती मेक्सिकोतून. तिथे मिगेल साबिदो म्हणून एकजण लोकशिक्षणासाठी मालिका करायचा, प्रौढांनी लिहा-वाचायला शिकावं म्हणून पण एक केली होती. आपले वसंत साठे माहिती व प्रसारण मंत्री असताना मेक्सिकोला गेले, तिथे हे बघितलं, आणि 7 जुलै 1984 ला दूरदर्शनवर 'हम लोग' सुरू झाली, लेखक मनोहर श्याम जोशी. सुरुवातीच्या भागात कुटुंब नियोजनाचा उपदेश इतका की लोक कंटाळले, मग उपदेश कमी करून घरातल्या माणसांच्या गोष्टी वाढवल्या आणि तेव्हा कुठे ती घराघरात पोचली, भागाच्या शेवटी अशोक कुमार येऊन बोलायचे आणि लोक त्यांना पत्रं पाठवायचे, लाखो पत्रं. ही संध्याकाळची मालिका होती पण पुढचं सगळं तिच्यावरच उभं राहिलं, त्यामुळे प्रोजेक्ट करणार असशील तर इथून सुरू कर.

"मालिकेत जो माणूस बाईवर जबरदस्ती करतो तोच पुढे हिरो होतो आणि आपण त्यांच्या लग्नाला टाळ्या वाजवतो. मला हे बघून त्रास होतो. बाहेरच्या देशात पण असंच असतं का?"
वाचक, शहादा

हो ताई, असतं, आणि त्याचं सगळ्यात मोठं उदाहरण तिकडचंच आहे. 'जनरल हॉस्पिटल', 1963 पासून चालू आहे. त्यात 1979 ला ल्यूक नावाचा माणूस लॉरा नावाच्या मुलीवर बलात्कार करतो. जोडी लोकांना आवडायला लागली, निर्माती ग्लोरिया माँटी हिने तोच धागा प्रेमाकडे वळवला, आणि नोव्हेंबर 1981 मध्ये दोघांचं लग्न लावलं. ते लग्न सुमारे 3 कोटी लोकांनी बघितलं, एलिझाबेथ टेलर पाहुणी कलाकार म्हणून आली होती, आणि अमेरिकेतल्या दुपारच्या मालिकांत इतका प्रेक्षक एका प्रसंगाला पुन्हा मिळाला नाही. लॉराचं काम करणारी जीनी फ्रान्सिस त्या वेळी अगदीच लहान वयाची होती, आणि ती गोष्ट वर्षानुवर्षं मुलाखतीत समजावून सांगायची वेळ आपल्यावर आली याबद्दल तिने पुढे उघड नाराजी बोलून दाखवली.

मी तर म्हणते 3 कोटी लोकांनी बघितलं म्हणून ते बरोबर होत नाही. आणि मला आपल्या 'शांती'चं मोल इथेच जास्त वाटतं, कारण तिथे गुन्हेगाराला माफी नव्हती, त्याला शोधायला तर गोष्ट सुरू झाली होती. त्रास होतो ना, मग चॅनेलला कळवा, नुसता रिमोट फिरवून सोडू नका.

"आमना गावमा समद्या बाया दुपारले एकच सिरीयल देखेत, एकबी भाग चुकाडेत नही, तरी ती बंद काबर व्हयनी?"
पाचोरा तालुक्यातून

आक्का, हा प्रश्न सगळ्यात जास्त पत्रांत आलाय, म्हणून नीट सांगते. कोण काय बघतं हे मोजायला काही निवडक घरांत मीटर बसवलेलं असतं, आज देशभरात 50 हजारांहून जास्त घरांत. त्या घरात जे लागेल त्यावरून सगळ्या देशाचा अंदाज काढतात आणि दर गुरुवारी आकडे येतात, टीआरपी म्हणतात तो हाच, सेटवर गुरुवार उजाडला की सगळ्यांचे चेहरे फोनकडे. आता यात आपल्याकडची गोष्ट अशी की 2015 च्या आधी हे मोजमाप मुख्यतः शहरातल्या घरांचंच होतं. गावाकडचे आकडे बार्कने, म्हणजे हे मोजमाप करणाऱ्या संस्थेने, ऑक्टोबर 2015 पासून द्यायला सुरुवात केली. म्हणजे त्याच्या आधी तुमच्या गल्लीतल्या सगळ्या बाया एका ओट्यावर बसून बघत असल्या तरी त्या हिशोबात धरल्याच जात नव्हत्या! वरून आपल्याकडचं लोडशेडिंग, दहा-दहा बारा-बारा तास, ऐन दुपारी लाईट गेली की 44 डिग्रीत पंखा पण नाही आणि सिरीयल पण नाही, मग शेजारणीला विचारायचं काल काय झालं.

तुमची मालिका नेमकी याच कारणाने गेली असं मी म्हणणार नाही, कधी कलाकाराच्या तारखा नसतात, कधी चॅनेलला तो स्लॉट दुसऱ्याला द्यायचा असतो. पण गावातल्या बाईची पसंती इतकी वर्षं मोजलीच गेली नाही याचा मला मनापासून राग येतो. आता चित्र बदलतंय, स्टार प्रवाहने 2022 ला 'मुरांबा' आणि 2023 ला 'शुभविवाह' या नव्या मालिका मुद्दाम दुपारी आणल्या, रात्रीच्या मालिकांचे शिळे भाग दाखवत बसले नाहीत, आणि लोकांनी त्या उचलून धरल्या.

"मेलेला हिरो परत कसा काय येतो?"
धुळे

प्रेक्षकांमुळे येतो. 'क्योंकि सास भी कभी बहू थी' मध्ये मिहीर मेला तेव्हा लोकांनी इतका गोंधळ केला की त्याला परत आणावंच लागलं. पुढे मिहीरचं काम करणारा अमर उपाध्याय मालिका सोडून गेला, मग इंदर कुमार आला, मग रोनित रॉय, तीन चेहरे झाले पण मिहीर तोच. अमेरिकेत तर भाग चालू असताना मागून आवाज यायचा की आजपासून हे पात्र अमुक कलाकार करेल, आणि गोष्ट पुढे.

"शिरपूरची स्मिता पाटील टीव्हीवर होती म्हणतात, कोणत्या मालिकेत?"
शिरपूर

मालिकेत नव्हे, बातम्यांत. मुंबई दूरदर्शन 2 ऑक्टोबर 1972 ला सुरू झालं, त्या सुरुवातीच्या दिवसांत ती मराठी बातम्या वाचायची. जीन्सवरच साडी गुंडाळून बातम्या द्यायला बसायची हा किस्सा तिच्या बरोबरच्या लोकांनी खूपदा सांगितलाय. तिथूनच श्याम बेनेगलांचं लक्ष गेलं आणि ती सिनेमात आली. तुमच्या गावाला तिचा अभिमान आहे तो अगदी योग्यच आहे.

"वडील रेल्वेत होते, आमच्याकडे व्हीसीआर होता. दूरदर्शनच्या जुन्या मालिका रेकॉर्ड केलेल्या कॅसेट माळ्यावर पडल्यात. भंगारात द्यायच्या का?"
भुसावळ

नाही हो भाऊ, अजिबात नाही! जगभरात या मालिकांचं सगळ्यात मोठं नुकसान हेच झालंय. टेप महाग, म्हणून चॅनेलवाले पुसून त्यावर दुसरं रेकॉर्ड करायचे, अमेरिकेत पण आणि आपल्या दूरदर्शनवर पण. तिकडच्या लाईव्ह काळातलं तर फार थोडं उरलंय. 22 नोव्हेंबर 1963 ला 'अॅज द वर्ल्ड टर्न्स' चालू असताना मध्येच बातमी आली की केनेडींवर गोळी झाडली, कलाकारांना पत्ताच नाही, ते आपले संवाद म्हणत राहिले, तो भाग आज बघायला मिळतो तो कोणीतरी जपला म्हणून. आणि नंतरच्या काळातलं बरंचसं वाचलं ते साध्या प्रेक्षकांनी घरी रेकॉर्ड करून एकमेकांना कॅसेट दिल्या म्हणून.

तुमच्या कॅसेट आधी माळ्यावरून खाली घ्या, आपल्याकडच्या उन्हाळ्यात पत्र्याखाली टेप खराब होते. झाकण उघडून बघा, टेपवर पांढरी बुरशी दिसली तर ती कॅसेट मशीनमध्ये घालायची नाही, हेड पण खराब होईल आणि टेप पण तुटेल. उभ्या ठेवा, कोरड्या कपाटात, स्पीकरपासून लांब. लग्नाच्या कॅसेट पेनड्राइव्हवर करून देणारे फोटो स्टुडिओ जळगाव-भुसावळला मिळतील, त्यांच्याकडे एक कॅसेट आधी करून बघा, सगळ्या एकदम देऊ नका. आणि रेकॉर्डिंग करून घेताना मधल्या जाहिराती कापायला सांगू नका, निरमा-बिरमा जे असेल ते राहू द्या, भाग कधीचा आहे ते बऱ्याचदा त्यावरूनच कळतं. कॅसेटच्या लेबलवर वडिलांनी जे लिहिलंय त्याचा फोटो काढून आम्हाला पाठवा, यादी पुढच्या अंकात छापू, म्हणजे बाकीच्यांना पण आपापल्या माळ्यावर बघायची आठवण होईल.