वनशास्त्र घ्यायचं ठरवते आहेस म्हणून

प्रिय मुली,

तुझ्या बाबांनी तुझं पत्र माझ्याकडे पोचवलं. वनशास्त्राचं महाविद्यालय दापोलीचं घ्यावं की अकोल्याचं, हा तुझा पहिला प्रश्न. पदवी झाली की वनखात्यात नोकरी नक्की का, हा दुसरा. दुसऱ्याचं उत्तर आधी देतो. नाही, नक्की नाही. महाराष्ट्रात वनशास्त्राची चार वर्षांची पदवी घेतली म्हणून वनखात्याचं दार आपोआप उघडत नाही. एमपीएससीच्या वनसेवेतून सहायक वनसंरक्षक आणि वनक्षेत्रपाल ही दोन पदं भरली जातात. तिथे तुझ्याबरोबर वनस्पतिशास्त्रवाले, गणितवाले, कृषीवाले आणि ढीगभर इंजिनिअर बसलेले असतात. शेजारच्या कर्नाटकात या भरतीत वनशास्त्राच्या पदवीधरांना राखीव वाटा आहे. आपल्याकडे मुलांनी त्यासाठी आंदोलनं केली. मला विचारशील तर त्यांची मागणी रास्त आहे. पण मागणी मान्य होईल या भरवशावर तू चार वर्षं घालवू नकोस.

भारतीय वनसेवेचंही तसंच. यूपीएससी त्यासाठी देशभरातून वर्षाला साधारण दीडशे जणांना घेते आणि पूर्वपरीक्षा नागरी सेवांबरोबर एकच असते. वनरक्षकाची भरती मोठी असते, 2023 मध्ये दोन हजारांवर जागा निघाल्या होत्या. पात्रता बारावीची आणि मूळ वेतन 21,700 पासून. पदवीधर झाल्यावर वनरक्षकाचा फॉर्म भरायला लाजणारी मुलं मी पाहिली आहेत. लाजण्यासारखं त्यात काही नाही. बीट, म्हणजे एका वनरक्षकाच्या ताब्यातलं जंगल, ज्याच्या पायाखालून गेलेलं नाही असा साहेब कागदावरच जंगल चालवतो. चालण्याचं म्हणशील तर वनसेवेच्या परीक्षेतही चार तासांत मुलांना 25 आणि मुलींना 14 किलोमीटर चालून दाखवावं लागतं. तेवढी सवय आत्तापासून ठेव, पैसे पडत नाहीत.

आता काम काय असतं ते सांगतो, कारण जाहिरातीत ते लिहिलेलं नसतं.

सागाची लागवड दोन बाय दोन मीटरवर केली तर हेक्टरी अडीच हजार रोपं बसतात. कापणीच्या वयाला, म्हणजे साठ-ऐंशी वर्षांनी, त्यातली शे-दीडशे झाडं उभी असतील तर जंगल चांगलं सांभाळलं असं समजायचं. मधली सगळी कुणीतरी ठरवून काढलेली असतात. त्याला विरळणी म्हणतात, आणि माझ्या मते वनाधिकाऱ्याची खरी परीक्षा तिथे होते. कुठलं झाड सरळ वाढतंय, कुठलं शेजाऱ्याचा उजेड खातंय, कुठलं आज काढलं नाही तर दहा वर्षांनी दोन्ही वाया जातील, हे एकेका झाडासमोर उभं राहून ठरवायचं. छातीच्या उंचीवर, 1.37 मीटरवर, गोलाई मोजायची, खूण करायची, नोंद करायची. रोप लावताना पालकमंत्री येतात, फोटो निघतात. विरळणीला कुणी येत नाही. 2019 च्या तेहतीस कोटी झाडांच्या मोहिमेत किती लावली यापेक्षा किती जगली यावर पुढे विधिमंडळात वाद झाला. जगलेल्या रोपांची टक्केवारी खरी लिहायची हिंमत असेल तर या खात्यात तुझी गरज आहे. मात्र ती हिंमत दाखवणाऱ्यांची बदली लवकर होते, हेही सांगून ठेवतो.

आणि कार्य आयोजना वाचायला शीक. प्रत्येक वनविभागाची दहा वर्षांची असते; कुठल्या कक्षात, म्हणजे जंगलाच्या कुठल्या तुकड्यात, काय करायचं, कुठे हात लावायचा नाही, सगळं त्यात लिहिलेलं. जाडजूड, कंटाळवाणं पुस्तक. पण तुझ्या आधीच्या माणसाने काय ठरवलं आणि तुझ्यानंतरच्याला काय करावं लागेल हे त्यातूनच कळतं. तू लावलेला साग तू कापणार नाहीस, तुझी पोस्टिंग तीन वर्षांची.

बाकी दिवस झाडांचा नसतोच, माणसांचा असतो. फेब्रुवारीपासून वणवे. मोहफुलं वेचायला सोपं जावं म्हणून झाडाखालचा पाला पेटवतात आणि आग पुढे सरकते. म्हणून आधी जाळरेषा, म्हणजे आग अडवायला पालापाचोळा काढून मोकळे ठेवलेले पट्टे, साफ हव्यात आणि त्याआधी गावाशी बोलणं हवं. चंद्रपूर, ब्रह्मपुरीकडे वाघाने माणूस मारला तर संतापलेल्या गावासमोर पहिल्यांदा वनक्षेत्रपाल उभा असतो. मृताच्या घरच्यांना सानुग्रह मदत आता 25 लाख आहे, पण त्या क्षणी रकमेचा आकडा सांगणारा माणूस मूर्ख ठरतो. पंचनामा, मृतदेह, पिंजरा, पत्रकार, सगळं एकाच दुपारी. हे वनशास्त्राच्या अभ्यासक्रमात फारसं येत नाही.

गडचिरोलीतल्या मेंढा-लेखाचं वाचून ठेव. वनहक्क कायदा 2006 चा. त्याखाली या गावाला सुमारे अठराशे हेक्टरवर सामूहिक हक्क मिळाले, आणि तरीही बांबू विकायला वाहतूक परवाना द्यायचा कुणी, यावर घोडं अडून बसलं. एप्रिल 2011 मध्ये केंद्रीय मंत्री जयराम रमेश यांनी गावात येऊन परवान्याचं पुस्तक ग्रामसभेच्या हाती दिलं. तेव्हा खात्यातले कित्येकजण नाराज होते. आज गडचिरोलीत ग्रामसभा स्वतः विडीच्या तेंदूपानांचे आणि बांबूचे लिलाव करतात, त्यांना हिशेब, मोजणी, नकाशे यांत मदत करणारी माणसं लागतात. ही नोकरी कुठल्याही जाहिरातीत ‘वनाधिकारी’ म्हणून दिसणार नाही.

तेच दुसऱ्या कामांचं. महापालिकांना 1975 च्या वृक्षसंरक्षण कायद्याने वृक्ष प्राधिकरण नेमावं लागतं. 2021 च्या दुरुस्तीनंतर पन्नास वर्षांवरच्या झाडाला वारसा वृक्ष म्हणतात, त्यामुळे झाडाचं वय आणि प्रजाती सांगू शकणाऱ्याला शहरात भाव आहे. कोळसा खाणींचे माती-ढिगारे हिरवे करायचे असतात. बँकांच्या कृषी अधिकारी पदाला वनशास्त्राची पदवी चालते. कित्येक मुलं तिकडे गेली आणि सुखात आहेत. जबलपूर, डेहराडूनच्या संशोधन संस्थांत प्रकल्पावर कामं मिळतात, पण कंत्राटी. प्रकल्प संपला की पुन्हा अर्ज. झाडं वाढवून कार्बन क्रेडिट विकायच्या प्रकल्पांचा सध्या गाजावाजा आहे. शिकून घे, भुलू नकोस. क्यूजीआयएस या नकाशांच्या मोफत सॉफ्टवेअरवर नकाशा करता आला आणि उन्हाळ्यात, पानं झडलेली असताना, सालीवरून झाड ओळखता आलं तर तू उपाशी राहणार नाहीस. ऐनाची साल मगरीच्या पाठीसारखी फुटलेली असते, धावड्याची फिकट आणि गुळगुळीत. एवढ्यापासून सुरुवात कर. गोंडी किंवा कोरकू यांतली एक भाषा कामापुरती आली तर फारच उत्तम.

आता दापोली की अकोला. रत्नागिरीत सरकारी जंगल नावापुरतं, बहुतेक सगळं मालकीचं. तिथे प्रश्न येतो तो लोकांच्या स्वतःच्या जमिनीवरच्या तोडीचा, 1964 च्या वृक्षतोड कायद्याच्या परवानगीचा, बागायतीचा. अकोल्याहून मेळघाट जवळ, सागाचं कोरडं सरकारी जंगल. खात्यात जायचंच असेल तर अकोला. शेतकऱ्यांबरोबर काम करायचं असेल तर दापोली. तू मराठवाड्यातली, म्हणून मी दापोलीकडे झुकतो. तुमच्याकडे जंगल कमी आहे, जे वाढेल ते बांधावरच वाढेल.

आईला भीती वाटते असं लिहिलं आहेस. ती खोटी नाही. 2021 मध्ये ताडोबात व्याघ्रगणनेच्या कामावर असताना एका महिला वनरक्षकाचा वाघिणीच्या हल्ल्यात मृत्यू झाला. एकटं जायचं नाही, ही शिस्त वरिष्ठ पाळत नसतील तर तू पाळायची आणि लेखी मागायची. बऱ्याच ठिकाणी निवासस्थानाला धड दार नसतं, शौचालयाची अवस्था विचारू नकोस. हेही लेखी मागायचं.

मे महिन्यात सीईटी उरकली की विदर्भात ये. तेंदूचा हंगाम चालू असेल. पहाटे जंगलात जाऊन दुपारपर्यंत सत्तर-सत्तर पानांचे पुडे बांधणाऱ्या बायकांबरोबर दोन दिवस बस, फळीवरचा, म्हणजे पुडे मोजून घेतात तिथला, हिशेब कसा चालतो ते बघ आणि मग फॉर्म भर. माझ्या ओळखीचं गाव आहे, राहण्या-जेवण्याची सोय होईल. आईलाही घेऊन ये.

तुझा,
काका