बीपीच्या गोळीने बाबांचे पाय सुजतात, गोळी बंद करू का?

तुम्ही लिहिलंय, बाबांना अ‍ॅम्लोडिपिन १० मिलिग्रॅम सुरू झाल्यापासून संध्याकाळी घोटे सुजतात. गोळी आपल्या मनाने बंद करू नका, बीपी पुन्हा चढेल. पण सूज सोसत बसायचंही कारण नाही.

मी बडोद्यात रावपुऱ्याच्या एका मेडिकलमध्ये २२ वर्षं काउंटरवर होतो. चप्पल काढल्यावर पावलावर पट्ट्याचा खोल वळ उमटलेला, असे पाय पुष्कळ पाहिले. माणूस घाबरून विचारतो, "किडनी तर गेली नाही ना?" या गोळीचं गणित वेगळं आहे. ती धमन्यांच्या बारीक फांद्या सैल करते, म्हणून बीपी उतरतं. शिरा मात्र तेवढ्या सैल होत नाहीत. नळ मोठा सोडला आणि मोरी तेवढीच राहिली, तसं होतं. मधल्या केशवाहिन्यांत दाब वाढतो आणि पाणी झिरपून घोट्याशी साचतं. अंगात पाणी वाढलेलं नसतं, त्यामुळे लघवीच्या गोळीने ही सूज फारशी उतरत नाही. डॉक्टर बहुधा डोस ५ वर आणतात, किंवा टेल्मिसार्टनसारखी गोळी जोडतात; तिने शिराही सैलावतात.

माझ्या आईला रामिप्रिल ही बीपीचीच दुसरी गोळी होती. रात्री कोरड्या खोकल्याची ढास लागली की ती भिंतीला टेकून, पदर तोंडाशी धरून बसायची. हळदीचं दूध, ज्येष्ठमध, सिरपच्या तीन बाटल्या झाल्या. दोन महिने मला गोळीचा संशयच आला नाही, याचं अजून वाईट वाटतं. ही गोळी ज्या एन्झाइमला अडवते, तेच एन्झाइम ब्रॅडिकायनिन नावाचं द्रव्य मोडत असतं. ते साचलं की खोकला येतो. डॉक्टरांनी गोळी बदलली, तीन आठवड्यांत आई सलग झोपायला लागली. (नावाच्या शेवटी 'प्रिल' असलेल्या गोळीने ओठ किंवा जीभ सुजली, तर मात्र थेट इमर्जन्सी गाठा.)

आठवडाभर सकाळ-संध्याकाळचं बीपी वहीत लिहा आणि बाबांच्या सगळ्या स्ट्रिप्स घेऊन डॉक्टरांकडे जा. गुडघेदुखीची गोळीही न्या. डायक्लोफिनॅक, आयब्युप्रोफेनने बीपी आणि सूज दोन्ही वाढतात, आणि ती गोळी डॉक्टरांना सांगायची राहूनच जाते. सूज एकाच पायाला असेल, पाय दुखत असेल किंवा धाप लागत असेल, तर आठवडा थांबू नका, आजच दाखवा.