स्नायू आखडतो तेव्हा नेमकं काय आखडतं?

सूक्ष्मदर्शकाखाली स्नायूवर फिकट आणि गडद आडवे पट्टे दिसतात. तुम्ही विचारलंय की आकुंचनात फिकट आय-पट्टा अरुंद होतो, मग गडद ए-पट्टा जसाच्या तसा कसा राहतो? आणि एटीपी, म्हणजे पेशीचं इंधन, संपला की स्नायू लुळा पडायला हवा, तर मृतदेह उलट ताठ का होतो? दोन्हींचं मूळ एकच आहे, म्हणून एकत्र लिहितो.

आधी कागद घ्या आणि मांडणी करा. फिकट पट्ट्याच्या मधोमध एक बारीक रेष असते, ती झेड रेषा. या झेड रेषेपासून पुढच्या झेड रेषेपर्यंत एक सार्कोमिअर. सैल स्नायूत त्याची लांबी २.५ मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) धरू. मधले मायोसिनचे जाड तंतू १.६ मायक्रॉनचे. दोन्हीकडच्या झेड रेषांतून आत येणारे अ‍ॅक्टिनचे बारीक तंतू प्रत्येकी साधारण १ मायक्रॉनचे. मायोसिन आणि अ‍ॅक्टिन ही दोन प्रथिनं. गडद पट्टा म्हणजे जाड तंतूंची पूर्ण लांबी, १.६. उरलेला ०.९ फिकट. गडद पट्ट्याच्या मधोमध, जिथवर बारीक तंतू पोचत नाहीत, तो एच-भाग ०.५. आता सार्कोमिअर २ मायक्रॉनवर आणा आणि पुन्हा मोजा. गडद १.६च, फिकट ०.४, एच-भाग शून्य. एकही तंतू आखूड झाला नाही, बारीक तंतू जाड तंतूंच्या मधून आणखी आत सरकले एवढंच. एक सेंटिमीटर लांबीत असे ४,००० सार्कोमिअर एकापुढे एक असतात. प्रत्येक जण अर्धा मायक्रॉन आखडला, म्हणजे एकूण २ मिलिमीटर. हे गणित एकदा हाताने केलं की पट्ट्यांची नावं पाठ करावी लागत नाहीत.

१९५४ पर्यंत बऱ्याच जणांना तंतूच गुंडाळले जातात असं वाटायचं. त्या वर्षी मे महिन्यात ‘नेचर’च्या एकाच अंकात दोन लेख शेजारीशेजारी आले. एक अँड्र्यू हक्सली आणि नीडरगर्के यांचा, बेडकाच्या जिवंत स्नायूतंतूवर, म्हणजे स्नायूच्या एका लांब पेशीवर. दुसरा ह्यू हक्सली आणि जीन हॅन्सन यांचा, सशाच्या स्नायूतून सुट्या केलेल्या तंतुकांवर, म्हणजे त्या पेशीच्या आतल्या सार्कोमिअरच्या माळांवर. दोघे हक्सली एकमेकांचे कोणी लागत नव्हते. दोन्हीकडे दिसलं तेच: गडद पट्ट्याची रुंदी बदलत नाही.

मला स्वतःला १९६६चा पुरावा जास्त आवडतो. गॉर्डन, अँड्र्यू हक्सली आणि ज्युलियन यांनी बेडकाचा एकच स्नायूतंतू ताणत नेला आणि प्रत्येक लांबीला तो किती जोर लावतो ते मोजलं. २ ते २.२ मायक्रॉनला जोर सर्वांत जास्त, पुढे सरळ रेषेत उतरत ३.६च्या आसपास शून्य. का ३.६? १.६ अधिक दोन बाजूंचे १ आणि १. तिथे जाड आणि बारीक तंतू एकमेकांवर येतच नाहीत, मग पकडणार कशाला?

पकडतात ती मायोसिनची डोकी. डोकं अ‍ॅक्टिनला चिकटतं, मान वाकवून त्याला पाच-दहा नॅनोमीटर ओढतं आणि तिथेच चिकटून राहतं. ते सुटतं नवा एटीपी येऊन बसला की. सुटल्यावर त्या एटीपीचं विघटन होतं आणि डोकं पुढच्या ओढीसाठी सज्ज होतं. आडातून पोहरा शेंदताना दोर धरलेला हात सोडल्याशिवाय पुढची पकड घेता येत नाही, तसंच हे. एटीपी फक्त ओढायला लागतो असं आपण गृहीत धरतो आणि तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचा घोळ तिथेच होतो.

मृत्यूनंतर काही तास ग्लायकोजेनच्या, म्हणजे स्नायूतल्या साठवलेल्या साखरेच्या, साठ्यावर थोडा एटीपी बनत राहतो, म्हणून ताठरपणा लगेच येत नाही. तो आधी पापण्या आणि जबड्यात जाणवतो, मग मानेत, मग खाली. साठा संपला की कॅल्शियम परत पेशीतल्या त्याच्या साठवणीच्या जाळीत भरणारे पंप थांबतात, कॅल्शियम तंतूंमध्ये पसरतं, बारीक तंतूवरच्या ट्रोपोनिन या प्रथिनाला चिकटतं, अ‍ॅक्टिनवरच्या जागा उघड्या पडतात आणि डोकी धरून बसतात. सोडायला एटीपी नाही. पुढे एक-दोन दिवसांत प्रथिनंच तुटायला लागतात तेव्हा अंग सैल पडतं; उन्हाळ्यात सगळंच लवकर. मरणापूर्वी झटापट किंवा धावपळ झालेली असेल तर ताठरपणा लवकर येतो, कारण साठा आधीच खर्ची पडलेला असतो. रात्री पोटरीत गोळा येतो तो मात्र यातला प्रकार नव्हे. तिथे चेता भलतीच जोरात संदेश पाठवत असते आणि एटीपी शिल्लक असतो.

‘स्लाइडवर पट्टे दिसतच नाहीत’ ही तक्रार नेहमीची. बहुतेक वेळा कंडेन्सरची आयरिस, म्हणजे स्लाइडखालची प्रकाश कमी-जास्त करणारी झडप, पूर्ण उघडी असते. ती हळूहळू बंद करत या, ४०च्या भिंगाखाली आडवे पट्टे उमटतील. जिभेची स्लाइड मिळाली तर उत्तम, स्नायूतंतू सगळ्या दिशांना जात असल्याने उभा छेद आणि आडवा छेद एकाच दृश्यात सापडतो. केंद्रकं कडेला, एका स्नायूतंतूला अनेक. कोंबडीच्या मांसाचा धागा मिठाच्या पाण्याच्या थेंबात दोन सुयांनी विंचरलात तर रंग न देताही पट्टे दिसतात. आतले जाड-बारीक तंतू मात्र कितीही डोळे ताणले तरी या सूक्ष्मदर्शकात दिसणार नाहीत. जाड तंतूची जाडी जेमतेम १५ नॅनोमीटर आणि प्रकाशाची मजल २००च्या आसपास.

सोडण्याचा हा हिशेब हृदयात सर्वांत कडक. प्रत्येक ठोक्यानंतर कॅल्शियम आवरून पुन्हा सैल व्हायचं असतं, नाहीतर रक्त भरणार कसं? रक्तपुरवठा कमी पडला की हृदयाचं सैल होणं आधी बिघडतं, आकुंचन नंतर. रक्तवाहिन्यांच्या भिंतीतल्या अपट्टकी, म्हणजे आडवे पट्टे नसलेल्या, स्नायूचं याच्या उलट. तिथे झेड रेषा नाहीत, ट्रोपोनिन नाही. कॅल्शियम कॅल्मोड्युलिन या प्रथिनामार्फत मायोसिनच्या डोक्यालाच चालू करतं. आणि ही डोकी अगदी सावकाश सोडतात, त्यामुळे थोडक्या एटीपीवर वाहिनी तासन्‌तास आवळलेली राहू शकते.