एक वाक्य, आणि तेही आधी

प्रिय भाचेबुवा,

अनेक आशीर्वाद.

तुझा मेसेज रात्री उशिरा वाचला आणि झोपच उडाली. तुला दुधाची ॲलर्जी कधीपासून झाली? टीमच्या जेवणात तू वेटरला तसं सांगितलंस, त्याने कॅप्टनला बोलावलं, कॅप्टन आत गेला, आणि तुझी डाळ वेगळ्या भांड्यात होईपर्यंत टेबलावरचे सगळे पापड खात बसले. पुढच्याच आठवड्यात चहाच्या वेळी तू बिस्किटं खाल्लीस, आणि कोणीतरी पुडा उलटा करून ‘मिल्क सॉलिड्स’ असं मोठ्याने वाचून दाखवलं. आता ऑफिसात तू थापाड्या ठरलास. आणि मला विचारतोस, बाहेर जेवताना थोडं चालवून घेऊ का?

दूध का सोडायचं हे मी तुला सांगणार नाही. ते तू ठरवलंयस, मीही ठरवलंय, त्या बाबतीत आपण एकाच पंगतीतले. पण थाप मी चालवून घेणार नाही. खरं सांगायचं, एका वाक्यात सांगायचं, आणि आधी सांगायचं. कारण द्यायचं नाही. या पत्रात पुढे जे येईल ते फिरून फिरून इथेच येणार आहे, कंटाळा आला तरी वाच.

ॲलर्जीचं आधी निपटू. ज्याला खरोखर असते त्याचा घसा सुजतो, श्वास अडकतो, वेळ पडली तर दवाखाना गाठावा लागतो. तुझ्यासारखे चार जण ॲलर्जी सांगून मग मजेत बिस्किटं खाताना दिसले, की पाचव्याचं, म्हणजे खऱ्याचं, कोणी ऐकत नाही. दुसरं असं की तुझ्या थापेतून आचारी काय शिकला? एक आजारी माणूस आला आणि गेला, एवढंच. उद्या दुसरं कोणी जाऊन ‘तेलात फोडणी द्या’ म्हणालं तर तो पुन्हा पहिल्यापासून सुरू करणार.

जैन गिऱ्हाइकांकडे बघ. मुंबई-पुण्यात वेटर आपणहून विचारतो, ‘जैन?’ पावभाजीतून बटाटा निघून कच्ची केळी आली, कांदा-लसणाशिवायची ग्रेव्ही वेगळी ठेवली जाऊ लागली. हे कोणी व्याख्यान देऊन झालेलं नाही. लोक वर्षानुवर्षं तेच वाक्य बोलत राहिले, हसतमुखाने, न लाजता, आणि नाही मिळालं तर उठून दुसरीकडे गेले. मुदपाकखाना ऐकून ऐकून शिकतो. तुझं वाक्य त्याच्या कानावर पडलंच नाही तर तो शिकणार कसा?

आणि तू लाजतोस कशाला तेच मला कळत नाही. आपल्याकडे ‘आज माझा उपवास आहे’ म्हणणाऱ्याला कोणी कधी का म्हणून विचारलंय? चतुर्थीला हॉटेलवाला स्वतःच पाटी लावतो, उपवासाची मिसळ मिळेल. चातुर्मासात कांदा-लसूण न खाणारी माणसं घरोघर असतात, त्यांच्यासाठी आमटी आधी बाजूला काढली जाते आणि मग उरलेल्या आमटीला लसणाची फोडणी बसते. गावात माळकरी माणूस जत्रेच्या जेवणाला येतो तेव्हा मटणाच्या पातेल्यांपासून दूर त्याचं वेगळं शिजतं. तो प्राण्यांविषयी भाषण करत नाही, शेजारच्याच्या ताटाकडे बघून नाक मुरडत नाही. माळ गळ्यात आहे, सगळ्यांना आधीपासून ठाऊक आहे, विषय संपला. सांगण्याची ही रीत आपल्या रक्तात असताना तुला ॲलर्जी आठवावी!

आता वाक्य कोणतं, ते. ‘मी दूध, दही, तूप, लोणी, पनीर खात नाही, माझं तेलात करून द्या.’ यातलं तूप गाळू नकोस. ‘दूध चालत नाही’ एवढंच ऐकलेला माणूस तुपाची फोडणी देतो आणि त्याला त्यात काही वावगं वाटत नाही, कारण त्याच्या लेखी तूप ही निराळीच वस्तू आहे. मी बँकेच्या तपासणीच्या कामावर जिल्ह्याजिल्ह्यांतून फिरले. मुख्य कार्यालयातून बाई येणार म्हटलं की शाखेतली मंडळी प्रेमाने जेवण मागवायची आणि त्यात पनीर असायचंच. शाकाहारी पाहुण्याचा मान राखायचा तर पनीर, हा आपल्याकडचा अलिखित नियम. ताट समोर आल्यावर ‘मी खात नाही’ म्हणायचं म्हणजे त्या शाखाधिकाऱ्याचा चेहरा उतरलेला बघायचा. म्हणून मी दौऱ्याचं पत्र गेलं की लगेच शाखेतल्या शिपाईमामांना फोन करायची. साहेबांना नव्हे. जेवण आणायला जाणारा माणूस तोच. आधी सांगायचं म्हणजे ज्याच्या हातात ते काम आहे त्याला सांगायचं.

या ‘आधी’मागे साधं गणित आहे आणि ते तुला कोणी शिकवलेलं दिसत नाही. शहरातल्या बहुतेक पंजाबी हॉटेलांत ग्रेव्ह्या सकाळीच तयार होतात. पांढरी काजूची, तिच्यात बहुधा खवा किंवा क्रीम, लाल मखनी, तिच्यात लोणी, आणि कांदा-टोमॅटोची. रात्री तू जी भाजी मागवतोस ती म्हणजे यांतल्या एकीच्या दोन पळ्या, उकडलेल्या भाज्या आणि वरून फोडणी. तू नऊ वाजता ‘क्रीम नको’ म्हणतोस तेव्हा क्रीम पडून दहा तास झालेले असतात. वरची नक्षी तेवढी तो काढून टाकील. त्यापेक्षा ‘कांदा-टोमॅटोच्या ग्रेव्हीत, तेलावर’ असं सांगितलंस तर त्यालाही सोपं आणि तुलाही. नानच्या पिठात दही किंवा दूध असतं, तो विषय सोड. तंदुरी रोटीच्या पिठात सहसा नसतं, पण भट्टीतून बाहेर पडल्या पडल्या तिच्यावर बटरचा ब्रश फिरतो आणि तो हात सवयीने फिरतो, म्हणून रोटी सांगतानाच ‘बटर न लावता’ म्हण आणि दुसऱ्या फेरीच्या रोटीला पुन्हा म्हण. दुसऱ्या फेरीला हमखास विसरतात.

उडप्याकडे तुला फारसा त्रास नाही. इडली, मेदूवडा, सांबार, तेलावरचा साधा डोसा. फक्त खोबऱ्याच्या चटणीत दही आहे का ते विचार, आणि रवा डोशाच्या पिठात ताक असू शकतं. शिरा-उपमा तुपातला धरून चाल.

आणि आपली खानावळ! भाकरी, ठेचा, झुणका, भरलं वांगं, मटकीची उसळ. या ताटात दुधाचा थेंब नाही आणि हे जेवण काही परदेशातून आलेलं नाही, तरी तुम्ही मुलं कोरेगाव पार्कात ओटच्या दुधाच्या कॉफीला भरमसाट पैसे मोजून ‘पर्याय नाहीत’ म्हणून रडता. कोरा चहा प्या की. कोकणात गेलास तर काळ्या वाटाण्याचं सांबारं आणि वडे माग. सोलकढीचा रंग बघून बिचकू नकोस, ते नारळाचं दूध. पिठलं मात्र कुठे कुठे ताकातलं असतं, अळूच्या भाजीतही ताक घालणारे आहेत. उकडीच्या मोदकावरची तुपाची धार नको म्हणता येते, पण उकड काढताना पाण्यात घातलेलं तूप किंवा लोणी काढता येत नाही. म्हणून आधी. आधी, आधी, आधी.

हिरव्या ठिपक्यावर विसंबू नकोस. आपल्या कायद्यात दूध, दुधाचे पदार्थ आणि मध हे सगळं त्या ठिपक्यात बसतं. दूध-मधही नसलेल्या अन्नासाठी एफएसएसएआयने, म्हणजे अन्नसुरक्षा बघणाऱ्या सरकारी संस्थेने, २०२१ मध्ये वेगळं चिन्ह आणलं आणि २०२२ मध्ये त्याचे नियम केले, पण ते पाकिटांवर आणि तेही मोजक्याच. पाकिटामागे ॲलर्जीची ओळ असते, तिच्यात दुधाचा उल्लेख करावाच लागतो. तेवढी ओळ वाचली असतीस तर त्या बिस्किटाचं रामायण झालं नसतं. १० किंवा त्याहून जास्त शाखा असलेल्या हॉटेलांनाही ही माहिती द्यावी लागते, मागितलीस तर तक्ता दाखवतात. मागताना ‘मला ॲलर्जी आहे’ म्हणायची गरज नाही. ‘तक्ता दाखवा’ पुरतं.

लग्नाचं वेगळं सांगते, कारण तुझ्या ताईचं तोंडावर आलंय. यजमानांना सांगू नकोस, त्यांच्या डोक्यात शंभर गोष्टी असतात. सकाळी मांडवामागे जा, आचाऱ्याला भेट, त्याचं काम सुरू असताना दोन मिनिटं उभा राहा आणि वाक्य सांग. भाजी तेलातच असते बहुतेक, वरणाला फोडणी नसते, पुरी तेलातली, चटणी चालते. कोशिंबिरीत दही पडायच्या आधी तो वाटीभर काकडी बाजूला काढून ठेवील. माझ्या अनुभवात आचारी या बाबतीत नातेवाइकांपेक्षा कितीतरी शहाणे निघाले. पंगतीत वरण-भाताच्या मूदीपाठोपाठ तुपाचं भांडं घेऊन वाढपी येतो, तो थांबत नाही, विचारत नाही, पुढच्या पानाकडे बघत इथे धार सोडतो. तो दोन पानं अलीकडे असतानाच मुदीवर हात आडवा धर. तोंडाने बोलायच्या भानगडीत पडू नकोस, सनईत ऐकू जात नाही.

निरोपावर मात्र कधीही अवलंबून राहू नकोस. माझ्या आत्याच्या घरी होळीला मी आदल्या दिवशी फोन केला होता, फोन दुसऱ्याच कोणी उचलला आणि निरोप तिच्यापर्यंत पोचला नाही. पान मांडल्यावर तिला कळलं. बिचारीने लगेच उठून तुपाशिवाय पोळी भाजून आणली. तवा तोच होता, कडेला तूप चमकत होतं. मी खाल्ली नाही. तिने ताट आत नेलं, काही बोलली नाही, आणि त्यानंतर मला कधी पोळीचं विचारलं नाही. घरातले अजून म्हणतात, खायला हवी होतीस. मला तसं वाटत नाही. एकदा खाल्ली असती तर पुढच्या प्रत्येक सणाला ‘तेव्हा खाल्लीस की’ ऐकावं लागलं असतं आणि तिथून सगळंच सैल पडलं असतं. मी निरोप दिला होता, माझ्या बाजूने चोख होते. आत्या आता नाही. तिच्या पोळीचं सारण आतून कसं जायफळाने दरवळायचं ते मला अजून आठवतं, ते आठवतं म्हणून मी चुकले असा अर्थ कोणी काढू नये.

हो, हल्ली मी सामाईक तवा चालवून घेते. तेव्हा घेत नसे. विसंगती म्हणायची तर खुशाल म्हण. तुझ्या ‘थोडं चालवून घेऊ का’चं उत्तरही यातच आहे: काय चालेल हे घरी बसून, पोट भरलेलं असताना ठरव आणि तेच पाळ. तवा चालेल, तळणीची कढई चालेल, फोडणीतलं तूप चालणार नाही, असं जे काय असेल ते. टेबलावर, बारा जण बघत असताना, भुकेच्या पोटी ठरवायला बसलास की माणूस एक तर सगळं खातो नाही तर ॲलर्जी सांगतो.

मित्र म्हणतात पनीर बाजूला काढून खा, त्यावर वाद घालू नकोस. ‘तू जेव, मी माझं सांगितलंय’ एवढं म्हण. बिल समान वाटलं जातं आणि तुझ्या रोटी-डाळीवर त्यांच्या कुल्फ्यांचा भार पडतो, ही तुझी तक्रार रास्त आहे, तरी पैसे दे आणि गप्प बस. प्रत्येक गोष्टीवर लढायला निघालास तर खऱ्या जागी तुझं कोणी ऐकणार नाही.

आता काम. सोमवारी ऑफिसात ज्याने पुडा वाचून दाखवला त्याला सांग, ‘ॲलर्जी नाही, मी दूध खात नाही.’ कारण विचारेल. देऊ नकोस, दुसऱ्या दिवशीही विचारेल, तेव्हाही देऊ नकोस. आणि पुढच्या पार्टीचं हॉटेल ठरलं की त्यांना दुपारी साडेतीन ते सहाच्या मध्ये फोन कर. तेव्हा जेवणाची गर्दी ओसरलेली असते, रात्रीची सुरू झालेली नसते, आणि फोन उचलणारा माणूस आत जाऊन विचारून यायला मोकळा असतो. फोन झाला की काय म्हणाले ते मला कळव.

तुझी,
मावशी

ता.क. पावभाजीचं विचारलं होतंस. गाडीवर नको. लोणी तव्यावर पहिल्यांदा पडतं, भाजी नंतर, आणि आठ वाजता तो तुझ्यासाठी तवा धुणार नाही. शेजारी वडापाव असतोच. पावाला काय लावतो ते बघून घे.